असर आणि मगरिबच्या मधला वेळ

लोणावळ्यात डिसेंबर अखेरचा दिवस ११ तासांचा असतो. जूनमध्ये तो सव्वातेरा तासांपर्यंत जातो. लंडनला याच हिवाळ्यात जेमतेम आठ तास उजेड मिळतो, म्हणून तिथे राहणारा माझा खालाजाद भाऊ माझी तक्रार ऐकून हसतो. पण तो त्याच्या कुत्र्याला अंधारातही रस्त्यावरच्या दिव्यांखाली फिरवून आणतो. त्याच्या गल्लीत बिबट्या येत नाही.

आमच्याकडे येतो. मागच्या थंडीत आमच्यापासून तीन घरं सोडून अंगणात बांधलेला कुत्रा रात्री गेला, सकाळी नुसती साखळी राहिली. बिबट्याला कुत्रं म्हणजे सोपी शिकार. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास केला, तेव्हा वजनाच्या हिशेबाने सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. अकोले आमच्यापासून फार लांब नाही, डोंगर तेच आहेत. त्यामुळे कुत्री फिरवायची ती उजेडात, हा आमच्या घरचा नियम.

आता उजेड आणायचा कुठून? मी चिंचवडला नोकरीला. लोकल गाठायची तर सातच्या आत घर सोडावं लागतं. जानेवारीच्या मध्यात इथे सूर्य उगवतो सात वाजून दहा-बारा मिनिटांनी. वर्षातला सर्वांत उशिराचा सूर्योदय हाच. सर्वांत लहान दिवस डिसेंबरात असला तरी सकाळ अजून महिनाभर मागे सरकत राहते. त्यात आपलं घड्याळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्तावर लावलेलं आणि आपण त्याच्या नऊ अंश पश्चिमेला, म्हणजे सूर्य मुळातच ३५-३६ मिनिटं उशिरा. संध्याकाळी मी परततो तेव्हा मगरिब होऊन गेलेली असते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, रविवार सोडला तर, मला माझीच कुत्री उजेडात दिसत नाहीत.

आणि गंमत अशी की कुत्र्यांना फिरायची खरी हौस याच दिवसांत येते. एप्रिलात डांबर तापतं, पंजे भाजतात, दोघंही सावली सोडत नाहीत. पावसाळ्यात इथल्या पावसाचं काही सांगायलाच नको. थंडीत मात्र भातं कापून झालेली, खाचरं कोरडी, बांधावरून तुंगार्लीच्या बाजूला हवं तेवढं जावं. काळू आता बारा वर्षांचा आहे, गारठ्याने त्याचे मागचे पाय आखडतात. चालला नाही तर रात्री उठता येत नाही त्याला. बिस्कीट दोन वर्षांची. एका बंगल्यावर सुट्टीला आलेली मंडळी तिला मागे ठेवून गेली, रखवालदाराने आमच्याकडे आणून दिली. ती चालली नाही तर चपला शिल्लक राहत नाहीत.

मुसलमानाच्या घरात कुत्री, यावर पाहुणे अजून भुवया उंचावतात. अब्बा हनफी होते, अम्मी महाडकडची, शाफई. हनफींच्या मते कुत्र्याची लाळ नापाक, कोरडं अंग नाही. शाफई मतानुसार कुत्रा ओला लागला तर जागा सात वेळा धुवायची, त्यातली एक वेळ मातीने. मालिकी त्याला नापाक मानतच नाहीत, पण आमच्या आळीत मालिकी कोणी नाही. राखणीसाठी, गुरांसाठी, शिकारीसाठी कुत्रा ठेवायला मुभा आहे, आणि गुहेत झोपलेल्या त्या तरुणांच्या उंबऱ्याशी पंजे पसरून बसलेला कुत्रा तर कुराणातच आहे. कुत्र्याला हात लागला म्हणून वुजू तुटत नाही, हेही पाहुण्यांना सांगावं लागतं. अम्मीची अट एकच: कुत्री पडवीत, उंबऱ्याच्या आत नाहीत. फिरायचे कपडे वेगळ्या खुंटीला. परत आल्यावर धुणं, कपडे बदलणं, यात दहा-पंधरा मिनिटं जातात. थंडीतल्या हिशेबात ती मिनिटं मोठी असतात.

कारण उरतो तो असर आणि मगरिबच्या मधला वेळ. डिसेंबर अखेरीस शाफई असर पावणेचारच्या सुमाराला, हनफी साडेचारला, आणि मगरिब सहा वाजून पाच मिनिटांच्या आसपास. पूर्वी मुलगी शाळेतून येऊन दोघांना न्यायची. यंदा तिची दहावी आहे, चार ते सहा क्लास. बायको त्या वेळी शिवणाच्या ऑर्डरी संपवत असते. पगारी माणूस ठेवायचं बघितलं, पण शनिवार-रविवारचे पर्यटक आल्यावर इथे प्रत्येक मोकळ्या हाताला बंगल्यांवर काम असतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कळलं की अम्मीच काळूला नेते आहे. अडुसष्ट वर्षांची बाई, जिने बारा वर्षांत त्याला एकदाही हात लावला नाही. मी विचारलं तर म्हणाली, "साखळी कोरडी आहे. आणि माझी असर तुमच्याआधी होते, मला वेळ असतो." साखळीचं दुसरं टोक तिने जुन्या ओढणीने गुंडाळलंय. दोघांचे गुडघे सारखेच, त्यामुळे चालही जुळते. वळवणच्या रस्त्यापर्यंत जातात, पुलाच्या कठड्यावर बसतात, साडेपाचला परत. शेजारणी बोलतात म्हणे. "बोलू देत," असं म्हणते आणि पुन्हा खाली वाटाणे सोलायला बसते.

बिस्कीट तिला झेपत नाही, ती ओढते. तिच्यासाठी मी आठवड्यातून दोन दिवस उशिराची पाळी मागून घेतलीय. सकाळी साडेसातला धुकं असलं तरी उजेड असतो. बाकीचे दिवस अंगणात दोरी-चेंडू, आणि रात्री दोघंही पडवीत, जाळीच्या दाराला आतून कडी. मेंढपाळ कुत्र्यांच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतात तसा एक आणायचाही विचार आहे.

पुढची काळजी रमजानची. तो दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे येतो. २०२७ मध्ये फेब्रुवारीत, २०२८ मध्ये जानेवारीच्या शेवटी, आणि २०३० साली तर एकाच वर्षात दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. म्हणजे इफ्तारची भजी तळायची वेळ आणि कुत्र्यांची वेळ एकच. अम्मीला सांगितलं तर ती म्हणाली, तोवर काळू असला तर बघू. मग थोड्या वेळाने विचारलं, त्याच्या पायाला चोळायला तिळाचं तेल चालेल का, आणि चालत असेल तर रोज कोण चोळणार, कारण ती नाही चोळणार.