आधी पैसे की आधी सही?

बरेच दिवस काही लिहिलं नव्हतं. गाडी विकली त्याची हकीकत लिहा, म्हणून मुलगा कधीचा मागे लागला होता. आज पाऊस लागून राहिलाय, फिरायला जाता आलं नाही, तेव्हा म्हटलं बसूया लिहायला.

२०१४ साली आम्ही वॅगन आर घेतली. निवृत्तीनंतरची पहिली आणि शेवटची चैन! पण काचबिंदूमुळे माझी डाव्या बाजूची नजर कमी झाली आणि डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "सर, आता गाडी बंद." त्यात हिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली होती. मुलगा पैसे पाठवतो म्हणत होता, पण म्हटलं, गाडी नुसती उभी राहून काय करणार? तिच्याच पैशात गुडघा होऊन जाऊ दे. २०२५ च्या फेब्रुवारीतली ही गोष्ट.

वाईत कोणी चांगली किंमत देईना, म्हणून नातवाने फोनवर बसून इंटरनेटवर जाहिरात टाकली. अडीच लाख. अर्ध्या तासात फोन आला. समोरचा माणूस हिंदीत अगदी अदबीने बोलत होता. मी सैन्यात आहे, सीमेवर पोस्टिंग आहे, गाडी बघायला येता येणार नाही, पण सैन्याचा ट्रक येऊन घेऊन जाईल. ओळखपत्राचा फोटोही पाठवला. गणवेशातला माणूस म्हटल्यावर मी विरघळलोच. घासाघीस तर एका शब्दाची केली नाही! चाळीस वर्षं बाजारात भाजी घेणाऱ्याला तिथेच शंका यायला हवी होती. पण नाही आली.

तो म्हणाला, "सर, आधी पाच रुपये पाठवून बघा, मी दहा परत पाठवतो, म्हणजे खातं बरोबर आहे ते कळेल." पाठवले. लगेच दहा आले. मी खूश! मग त्याने तो चौकोनी ठिपक्यांचा क्यूआर कोड पाठवला. त्यावर लिहिलं होतं, ५०,००० रुपये मिळतील. म्हणाला, "हा स्कॅन करा आणि पिन टाका, बयाणा जमा होईल."

मी चष्मा शोधायला लागलो आणि हिला हाक मारून सांगितलं की बयाणा येतोय. ही स्वयंपाकघरातून पोळपाट-लाटणं ठेवून बाहेर आली. म्हणाली, "अहो, पैसे आपल्याकडे यायचेत ना? मग कुलूप आपण कशाला उघडायचं?"

बस्स! एवढं एक वाक्य. मी स्क्रीनकडे नीट पाहिलं. वर 'पे' असं लिहिलेलं होतं, म्हणजे पैसे द्या. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी कधीच पिन लागत नाही आणि कोडही स्कॅन करावा लागत नाही. पिन फक्त देण्यासाठी. हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या दहा रुपयांनी माझी अक्कल गहाण पडली होती. त्या खात्यात हिच्या शस्त्रक्रियेसाठी साठवलेले पैसे होते हो! फोन ठेवला तेव्हा हात थरथरत होते. मग सायबर फसवणुकीच्या १९३० या क्रमांकावर कळवलं. पाच रुपये देऊन दहा मिळाले, म्हणजे हिशेबाने मी पाच रुपये नफ्यातच. असो.

यानंतर मी इतका धास्तावलो की जाहिरात काढूनच टाकणार होतो. त्या आठवड्यात नांदेडहून एका तरुणाचा फोन आला. पिठाची गिरणी आहे, वडिलांना डायलिसिसला न्यायला गाडी हवी आहे. मी त्याच्याशी जे तुटकपणे बोललो, ते आठवून आजही लाज वाटते. ओळखपत्र पाठवा, गिरणीचा फोटो पाठवा, गाडी स्वतः येऊन बघा... वर्गात उशिरा आलेल्या पोराला विचारावं तसं सगळं विचारलं. त्याने निमूटपणे सगळं पाठवलं. नंतर घासाघीसही केली, तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला! दोन लाख चाळीस हजारांवर सौदा ठरला.

आता पैसे कसे घ्यायचे? तो म्हणाला, "सर, रोख आणतो." माझा भाचा बँकेत नोकरीला आहे. तो म्हणाला, "मामा, मुळीच नाही. एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला २०१७ पासून कायद्याने बंदी आहे, आणि दंड घेणाऱ्याला होतो." शिवाय एवढी रोकड घेऊन त्या पोराने रात्रभर प्रवास करायचा, हेही बरं नाही. मग चेक? चेक वटेपर्यंत गाडी नांदेडला पोचलेली असणार. न वटल्यास कलम १३८ आहे, पण या वयात कोर्टाच्या पायऱ्या कोण चढणार? डिमांड ड्राफ्ट मला सर्वांत भक्कम वाटत होता. तर भाचा म्हणाला, खोटे ड्राफ्टही निघतात, ज्या शाखेने दिला तिला विचारून खात्री केल्याशिवाय तो नुसता कागदच.

शेवटी ठरलं आरटीजीएस. दोन लाख आणि त्यावरच्या रकमांसाठी ती सोय आहे, आणि पैसे सहसा अर्ध्या तासात जमा होतात.

मी नांदेडला फोन करून सांगितलं की पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय मी कागदांवर सही करणार नाही. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "सर, राग मानू नका, पण मी पैसे पाठवले आणि तुम्ही सही केलीच नाही तर? मागच्या वर्षी एका गाडीचा बयाणा म्हणून अकरा हजार पाठवले. नंतर तो फोनच लागला नाही."

माझ्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मी इतके दिवस तो चोर असेल का, एवढाच विचार करत होतो. त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार! त्याच्या दृष्टीने मी कोण? फोनवरचा एक म्हातारा आवाज. निवृत्त शिक्षक आहे, असं मी सांगितलं होतं खरं. पण तो दुसरा सैनिक आहे असं सांगतच होता की.

मग दोघांनी मिळून मार्ग काढला. व्यवहार माझ्या बँकेच्या शाखेत बसून करायचा. त्याने आदल्या दिवशी माझं खातं त्याच्या बँकेत नोंदवून एक रुपया पाठवला आणि नाव बरोबर आहे ना ते पाहिलं. नवीन खात्यावर मोठी रक्कम लगेच जात नाही, म्हणून हे आधी करावं लागतं. मंगळवारी सकाळी तो वडिलांना घेऊन आला. गाडी चालवून पाहिली, आरसी आणि विमा तपासला. मग आम्ही चौघे बँकेत गेलो. भरलेले फॉर्म २९ आणि ३० टेबलावर मध्ये ठेवले, सही न केलेले. त्याने मोबाईलवरून पैसे पाठवले. मला एसएमएस आला, पण एसएमएसही खोटे येतात, म्हणून पासबुक छापून घ्यायचं ठरलं होतं. नोंद पडायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत कोणीच फारसं बोललं नाही. त्याचे वडील तेवढे म्हणाले, "गुरुजी, पूर्वी बैल घेताना एवढं नव्हतं." ही म्हणाली, "बैलाला पिन नव्हता." सगळे हसले.

पासबुकात रक्कम पाहिली आणि सगळ्या सह्या केल्या. एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून पावती दिली. गाडी ताब्यात दिल्याची तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांनी सह्या केल्या, म्हणजे त्यानंतरचं चलन कोणाचं यावर वाद नको. माझा फास्टॅग त्याच दिवशी बंद केला, नाहीतर त्यांचा टोल माझ्या खात्यातून गेला असता.

आणि एक महत्त्वाचं. पैसे आले म्हणजे काम संपलं असं समजू नका. आरटीओच्या नोंदीत आपलं नाव आहे तोवर कायद्याने मालक आपणच. अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला आहे. विकणाऱ्याने चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी राज्याबाहेर जाणार असेल तर फॉर्म २८ ची एनओसीही लागते. मी साताऱ्याला स्वतः जाऊन कळवलं आणि पोच घेतली. महिन्याभरात नाव बदललं.

गाडी गल्लीच्या वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? रात्री साडेअकराला फोन वाजला. "सर, पोचलो. काकूंना सांगा." मी म्हटलं, "बाळा, त्या दिवशी मी फार तिरकस बोललो, मनात ठेवू नकोस." तर म्हणाला, "सर, तुम्ही विचारत होता म्हणूनच तर मला वाटलं की माणूस खरा असेल. फसवणारा कशाला एवढं विचारेल?"

हिचा गुडघा आता उत्तम आहे. काल एकटी मंडईपर्यंत जाऊन आली. येताना भाजीवाल्याने क्यूआर कोड पुढे केला, तर त्यालाच विचारते, "पैसे मी द्यायचेत ना? मग ठीक आहे."