मानेवरचं वजन

जुना लहान चणीचा बॉक्सर आणि आजचा धिप्पाड हेवीवेट यांची मनातल्या मनात झुंज लावायची झाली, की सगळे आधी ठोसे मोजायला बसतात. डेम्प्सीचा डावा हूक, मार्सियानोचा उजवा हात. मला ठोशाची काळजी नाही. 85 किलोच्या तयार माणसाचा ठोसा हनुवटीवर नीट बसला, तर समोरचा सव्वाशे किलोचा असला तरी आडवा होतो. हनुवटीला व्यायाम देता येत नाही. मला प्रश्न पडतो तो पुढचा: ठोसा चुकला आणि मिठी पडली, मग काय?

मी बॉक्सिंग शिकवतो ते जबलपूर हे छावणीचं गाव. ग्रेनेडियर्स, जम्मू-काश्मीर रायफल्स, सिग्नल्स, तिघांचीही प्रशिक्षण केंद्रं इथेच. माझ्याकडे येणारी बरीच मुलं फौजेत जायचं म्हणून ग्लोव्ह्ज चढवतात, बाकीची रांझी-खमरियाच्या फॅक्टरीवाल्यांची. वजनं पाहावी तर 52 पासून 92 पर्यंत. जोड्या जुळवताना नाइलाजाने कधी कधी 67 किलोचा पोरगा नव्वदीच्या समोर उभा करावा लागतो. ठोसे हलके मारायची ताकीद असते. क्लिंचला, म्हणजे मिठीला, मात्र ताकीद लागू पडत नाही. मोठा मुलगा मानेमागे हात टाकतो आणि नुसता सैल होतो. जोर लावायचा नाही, ढकलायचं नाही, फक्त लोंबकळायचं. धाकट्याची पाठ आणि मांड्या ते ओझं उचलतात. मी अशा वेळी हात बघत नाही, टाच बघतो. आत घुसून खेळणारा चवड्यांवर असतो. दुसऱ्या फेरीच्या शेवटी त्याची टाच कॅनव्हासला टेकायला लागते, पोटऱ्या थरथरतात, आणि तिथून पुढे त्याचा ठोसा खांद्यातून येतो, पायातून येत नाही.

म्हणून माझा धोशा एकच: काखेत डोकं देऊ नकोस. डोकं त्याच्या खांद्याबाहेर, कोपर आत, मोकळ्या हाताने बरगडीवर दोन, आणि तिरका निघ. सरळ मागे गेलास तर तो पुन्हा अंगावर येतो.

हेच लोंबकळण्याचं काम मोठमोठ्यांनी कमाईचं साधन केलं आहे. 2013 च्या ऑक्टोबरात मॉस्कोला व्लादिमिर क्लिच्कोने पोवेत्किनला बारा फेऱ्या जवळजवळ पोत्यासारखा खाली दाबून ठेवला; रेफरीने गुण कापला तो थेट अकराव्या फेरीत. पोवेत्किन काही पोरगेला नव्हता, 102 किलोचा होता. 2020 च्या फेब्रुवारीत फ्यूरी 124 किलोचा होऊन आला आणि 105 किलोच्या वाइल्डरच्या मानेवर असाच रेलत राहिला. सातव्या फेरीत वाइल्डरच्या कोपऱ्यातून टॉवेल आला. एवढा उंच वाइल्डरसुद्धा जिथे वाकला, तिथे पाच फूट दहा इंचांचा, 83 किलोचा मार्सियानो काय करणार?

माझे जुने दोस्त लगेच टोलेडोची लढत काढतात. 4 जुलै 1919, 85 किलोच्या डेम्प्सीने 111 किलोच्या विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं. खरं आहे. पण त्या वेळी पडलेल्याच्या डोक्याशी उभं राहता येई. विलर्ड गुडघा उचलतो न उचलतो तोच डेम्प्सीचा पुढचा ठोसा तयार. आज तटस्थ कोपऱ्यात जाऊन थांबावं लागतं; मोठ्या माणसाला श्वास मिळतो, आणि उठल्यावर तो पहिलं काम करतो ते मिठी मारण्याचं. शिवाय विलर्ड तेव्हा 37 वर्षांचा होता आणि तीन वर्षं त्याने किताब पणाला लावला नव्हता, हे सांगायला लोक विसरतात.

मार्सियानोचं तर आणखी अवघड. 23 सप्टेंबर 1952 ला फिलाडेल्फियात त्याने वॉलकटला झोपवलं ते तेराव्या फेरीत, आणि तोवर तो तिन्ही कार्डांवर मागे होता. त्या वेळी लढत पंधरा फेऱ्यांची. 1982 मध्ये कोरियाचा किम डुक-कू लढतीनंतर दगावला आणि मग बारा फेऱ्यांचा नियम आला. आजच्या नियमांत मार्सियानो ती लढत हरला असता, समोर राक्षस नसतानाही.

कुस्तीवाल्यांना हे सगळं सांगावं लागत नाही. गामा आमच्याच मध्य प्रदेशातल्या दतियाच्या दरबारचा पहिलवान. 1910 मध्ये लंडनला त्याच्याहून बराच जड झ्बिस्को अडीच तास मॅटला चिकटून पडून राहिला आणि लढत बरोबरीत सुटली. पुढच्या शनिवारी तो फिरकलाच नाही, पट्टा गामाला मिळाला. जड माणसाला जिंकायची घाई नसते.

गोलबाजारचा एक मराठी पोरगा आहे माझ्याकडे, वाद घालण्यात तरबेज. तो म्हणतो, "काका, मग उसिक? त्याने फ्यूरीला दोनदा हरवलं!" हरवलं, 2024 मध्ये दोनदा. दुसऱ्या वेळी फ्यूरी 127 किलोचा होता. पण उसिक सहा फूट तीन इंच, शंभरीच्या पुढे. त्याला लहान म्हणायचं ते फ्यूरीशेजारी उभा केल्यावरच. त्याच्याकडून घ्यायचं ते पायांचं काम: तो मिठीच्या अंतरावर थांबतच नाही, मारतो आणि डावीकडून निघून जातो. डेम्प्सी-मार्सियानोला मात्र थांबावंच लागे, त्यांचं सगळं दुकानच आत होतं. आज ते असते तर क्रूझरवेटमध्ये खेळले असते, आणि तिथे मी त्यांच्या विरुद्ध पैज लावणार नाही.

राहिला जो लुई. 1935 मध्ये 89 किलोच्या लुईने 118 किलोच्या कार्नेराला सहाव्या फेरीत संपवलं. लुईचा ठोसा वीतभर अंतरात जन्मायचा, त्यामुळे मिठी पडायच्या आत दोन-तीन बसून जात. वाइल्डरसमोर मी लुईवर पैसे लावीन. क्लिच्कोसमोर नाही. फ्यूरीसमोर बारा फेऱ्या असतील तर फ्यूरी, आणि पंधरा असतील तर त्या पोराला म्हटलं, बस, चहा मागव, बोलू.