मीं सायकल बदलली

मनुष्य मतें बदलतो, घर बदलतो, प्रसंगीं गांवही बदलतो. पण एकदां मनांत बसलेला छाप बदलावयाचा म्हटलें कीं त्याचा पाय अडखळतो. आमच्याच घरांत पाहा ना! हिंग अमक्याच डबीचा, चहा तमक्याच पुड्याचा, आणि पंचांग तर आजोबांच्या वेळेपासून ठरलेलें. कारण विचारलें तर 'आमच्याकडे हेंच येतें' यापलीकडे कोणाजवळ उत्तर नाहीं. या वेडाला मी पुष्कळदां हंसत असें. परंतु सायकलीच्या बाबतींत मी स्वतः या सर्व मंडळींचा गुरु शोभेन, हें कळावयास मला वयाचीं चौसष्ट वर्षें लागलीं.

१९८१ सालीं मी शिक्षकाच्या नोकरीस लागलों, त्याच आठवड्यांत माझे वडील बंधू दादा यांनीं मला एक काळी ॲटलस सायकल आणून दिली. त्यांच्या पगाराचा बराचसा भाग तींत गेला होता. सोनिपत येथें १९५१ सालीं निघालेल्या या कारखान्याची सायकल तेव्हां गांवोगांवीं दिसे, आणि आमचें पुणें तर सायकलींचें शहर म्हणूनच ओळखलें जाई. ती सायकल सतरा वर्षें चालली. १९९८ सालीं मीं दुसरी घेतली, २०१२ सालीं तिसरी. दोन्ही वेळां दुकानदारानें इतर कांहीं दाखवूं केलें, आणि दोन्ही वेळां मीं त्याला हातानेंच थांबविलें. दादांनीं निवडलेला छाप सोडणें म्हणजे दादांचा शब्द मोडणें, असें माझ्या मनानें घेतलें होतें.

पुढें ३ जून २०२० रोजीं त्या कंपनीचा साहिबाबाद येथील कारखाना बंद पडला. तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा! ती बातमी वाचून घरचें माणूस गेल्यासारखें मला वाटलें, आणि माझी निष्ठा अधिकच घट्ट झाली. सायकलीचा एखादा भाग झिजला कीं रविवार पेठेपासून नाना पेठेपर्यंत मी दुकानें धुंडाळीत असें, व मिळाला म्हणजे देवाचा प्रसाद मिळाल्यासारखा घरीं येत असें.

दोन वर्षांपूर्वीं दादांना अर्धांगवायूचा झटका आला. ते धनकवडीस मुलाकडे राहतात. सदाशिव पेठेंतून तेथवर अंतर सहाएक किलोमीटरांचें. पण स्वारगेट मागें पडलें कीं सातारा रस्ता कात्रजच्या बाजूस हळूहळू चढूं लागतो. माझी सायकल वजनानें वीस किलोंच्या घरांत, आणि गुडघे माझ्याच वयाचे! प्रथम मी रोज जात असें. मग एक दिवसाआड, मग आठवड्यांतून दोनदां, आणि शेवटीं रविवारीं. उन्हाळ्यांत ऊन, पावसाळ्यांत पाऊस आणि बारा महिने रहदारी अशीं कारणें माझ्याजवळ तयार असत. बस होती, परंतु बसनें जाणें म्हणजे आपली सायकल हरली हें कबूल करणें, आणि तेवढें माझ्याच्यानें होईना.

एका रविवारीं निघतांना वहिनी दारापर्यंत आल्या आणि हळू आवाजांत म्हणाल्या, "भावोजी, तुम्ही केव्हां येणार तें आधीं सांगत जा. रोज चार वाजल्यापासून त्यांचे कान रस्त्याकडे लागलेले असतात." त्या दिवशीं परततांना रस्ता उताराचा होता, तरी सायकल जड वाटली.

घरीं आल्यावर मीं ही गोष्ट कोणास सांगितली नाहीं. पण नातवानें माझा चेहरा पाहिला असावा. तो म्हणाला, "आजोबा, तुम्हीच नेहमीं म्हणतां ना, आधीं गणित मांडावें?" आम्ही दोघे कागद घेऊन बसलों. माझ्या सायकलीच्या पुढच्या चक्रास दांते ४४, मागच्यास १८, आणि चाकाचा घेर सुमारें सव्वादोन मीटर. म्हणजे पायडलाच्या एका फेऱ्यास सायकल जवळजवळ साडेपांच मीटर पुढें जाते. सपाटीवर हें सुखाचें; चढावर मात्र एवढा भार एका फेऱ्यांत ओढावा लागतो. त्यानें सांगितलेल्या नव्या रोड बाइकला पुढें दोन चक्रें आणि मागें आठ. त्यांतली चढासाठीं असलेली जोडी ३४ आणि ३२ दांत्यांची. तिच्या एका फेऱ्यास सायकल सव्वादोन मीटरच जाते. चढ तोच, फेरे अधिक; पण प्रत्येक फेऱ्याचा जोर निम्म्याहून कमी. कर्ज तेंच, हप्ते लहान! शिवाय सायकलीचें वजन अकरा किलोंच्या आसपास.

"पण हें गिअरचें प्रकरण म्हणजे दुबळ्यांची सोय," असा मीं शेवटचा बचाव केला. तेव्हां नातवानें मला आंरी देग्रांज या फ्रेंच गृहस्थाची हकीगत ऐकविली. 'टूर द फ्रान्स' ही विख्यात शर्यत १९०३ सालीं सुरू करणारे हेच. माझ्याहून हट्टी! गिअर बदलण्याची सोय पंचेचाळिशीपुढच्या लोकांसाठीं ठीक, बाकीच्यांनीं स्नायूंच्या बळावर जिंकावें, असें त्यांनीं १९०२ सालीं लिहिलें होतें. त्यांच्या शर्यतींत ही सोय सर्वांना मोकळी झाली ती १९३७ सालीं. मला पंचेचाळिशी ओलांडून एकोणीस वर्षें झालीं होतीं. तेव्हां देग्रांजसाहेबांच्या नियमानेंही मला परवानगी होतीच.

जुनें म्हणून सारेंच चांगलें नव्हे, हा कालिदासाचा 'मालविकाग्निमित्रां'तील विचार मीं वर्षानुवर्षें मुलांकडून पाठ करून घेतला. आचरणांत आणण्याचा प्रसंग आला तेव्हां मात्र नातवाला माझा हात धरून दुकानांत न्यावें लागलें.

दुकानांत मेंढ्याच्या शिंगांसारखें वळलेलें तें हॅन्डल पाहून मी प्रथम बिचकलों. मग चौकटीकडे नजर गेली. १८८५ सालीं इंग्लंडांत जॉन केम्प स्टार्ली यांनीं 'रोव्हर' सायकल काढली. त्यानंतर थोड्याच वर्षांत चौकटीचा जो आकार ठरला तोच माझ्या काळ्या सायकलीचा, आणि तोच हिचाही. कूळ एकच आहे हें पाहून जिवाला बरें वाटलें. किंमत ऐकून सौ. म्हणाली, "इतके पैसे सायकलीला?" मग जराशानें तीच म्हणाली, "पण मग भावोजींकडे रोज जाल ना?" तेथें प्रश्न संपला.

छाप अर्थात् निराळा होता. जुन्या सायकलीची घंटा तेवढी मीं काढून, चामड्याचा तुकडा घालून, नव्या हॅन्डलावर बसवून घेतली.

दुसऱ्या दिवशीं दुपारीं निघालों. पद्मावतीच्या पुढें जेथें मी उतरून सायकल हातीं धरून चालत असें, तेथें गिअर बदलला. पाय भराभर फिरूं लागले, सायकल संथपणें चढूं लागली, आणि मी बसल्या बसल्या धनकवडीस पोंचलों. घंटा वाजविली तेव्हां दादा सज्जांत खुर्चीवर होते. त्यांनीं वाकून पाहिलें आणि गोंधळले. आवाज ओळखीचा, सायकल अनोळखी!

वर गेल्यावर मीं अपराध्यासारखें सारें सांगून टाकलें. म्हटलें, "दादा, तुम्ही निवडून दिलेला छाप इतकीं वर्षें मोडला नाहीं, आज मोडला." दादांचें बोलणें आतां थोडें अडखळत येतें. ते सावकाश म्हणाले, "अरे, निवडला कुठला! त्या दिवशीं दुकानांत दोनच सायकली होत्या. दुसरी हिरवी होती." आणि आजारपणानंतर प्रथमच ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हंसले.

ज्याला मी चाळिसांहून अधिक वर्षें दादांची आज्ञा समजत आलों, तिचें मूळ एवढेंच होतें. हिंगाच्या डबीवरील निष्ठा निरुपद्रवी आहे. ती खुशाल असावी. पण माझ्या निष्ठेनें मला ज्यांच्याकडून सायकल मिळाली त्यांच्याच दारापासून दूर ठेवलें होतें, आणि मी तिला सद्गुण म्हणत होतों. सुज्ञ वाचकांनीं आपापल्या घरांतल्या निष्ठा एकदां या दृष्टीनें पाहाव्या, एवढीच विनंती.

काळी सायकल मीं टाकलेली नाहीं. दूध आणि भाजी तिच्यावरच येते. आणि चार वाजले कीं मी नवी बाहेर काढतों. वहिनी म्हणतात, आतां घंटा ऐकल्यावरच त्या चहाचें आधण ठेवतात.