चेलना राणी म्हणाली, ‘चला, बघून येऊ’



आमच्या नात्यात सध्या एका लग्नाची बोलणी चालू आहेत. मुलगा मोठ्या घरचा. कारखाना, बंगला, दारात दोन गाड्या. देवधर्माकडे ओढा बेताचाच. मुलगी रात्री न जेवणारी आणि पटल्याशिवाय कशालाच ‘हो’ न म्हणणारी. दोघांना एकमेकं मनापासून आवडलीत. पण दोन्हीकडची मोठी माणसं काळजीत आहेत. तिकडचे म्हणतात, मुलगी फार शंका काढते. इकडचे म्हणतात, पैशापुढे हिचे नेम टिकायचे नाहीत.

मला मात्र चेलना राणी आठवते. वैशालीच्या चेटक राजाची मुलगी, मगधाच्या श्रेणिक राजाची राणी. चित्र बघूनच श्रेणिक मोहून गेला होता. चेलना भुयारातून राजगृहाला आली, तेव्हा तिची बहीण दागिने आणायला मागे फिरली आणि मागेच राहिली. आली ती चेलना. राजवाड्यात सगळं होतं, पण श्रेणिकाची श्रद्धा वेगळी होती, शिकारीचा शौकही होता. राणीचं मन त्या वैभवात रमेना.

पुढची गोष्ट आपण प्रवचनात ऐकलेली असते. शिकारीला गेलेल्या श्रेणिकाला यशोधर मुनी ध्यानस्थ दिसले. त्यानं त्यांच्यावर कुत्रे सोडले, पण कुत्रे शांत झाले. मग रागानं त्यानं मेलेला साप मुनींच्या गळ्यात टाकला. तीन-चार दिवसांनी रात्री त्यानं ही ‘मर्दुमकी’ राणीला सांगितली. ती कळवळली. राजा हसून म्हणाला, एवढं काय? साप फेकून ते कधीच निघून गेले असतील. राणी म्हणाली, खरे मुनी असतील तर तिथेच असतील. चला, बघून येऊ.

मी बी.कॉम.ला ऑडिटिंग शिकले. वहीत लिहिलेला माल खरा धरायचा नाही, गोदामात जाऊन मोजायचा, हे त्यात शिकवलं होतं. चेलनेनं हेच केलं. राजाच्या शब्दावर तिनं विश्वास ठेवला नाही, आणि आपलंच खरं म्हणून वादही घातला नाही. दोघांनी मिळून बघू, म्हणाली. तिच्या श्रद्धेची परीक्षा त्यातच होती. मुनी तिथे नसते तर तिलाच मान खाली घालावी लागली असती.

काही जणी म्हणतील, सम्यक्त्वाचं पहिलं अंग निःशंकित, मग शंका चांगली कशी? पण चौथं अंग अमूढदृष्टी आहे, हेही विसरू नये. रत्नकरंड श्रावकाचारात त्याचं उदाहरण रेवती राणीचं दिलंय. तिच्यासमोर मायेनं तीर्थंकर उभा केला, सगळं गाव दर्शनाला धावलं, ती गेली नाही. तीर्थंकर चोवीसच, हा पंचविसावा कुठला? शंका घ्यायची ती चकाकणाऱ्या गोष्टीवर, मोक्षमार्गावर नाही.

तर राजा-राणी रात्रीच निघाले. मुनी तिथेच, तसेच. गळ्यात साप, अंगभर मुंग्या. चेलनेनं त्या झटकल्या नाहीत. साखर पसरून अलगद खाली उतरवल्या, आपण स्वयंपाकघरात करतो तशा. मग साप काढला. सकाळी ध्यान संपल्यावर मुनींनी दोघांना एकच आशीर्वाद दिला, धर्मवृद्धी. साप घालणाऱ्याला तोच आणि काढणारीलाही तोच. तिथे श्रेणिक बदलला.

कर्माची खतावणी मात्र कोरी झाली नाही. सातव्या नरकाचं बांधलेलं आयुष्य पहिल्या नरकाच्या ८४,००० वर्षांवर आलं. तेवढं भोगावंच लागणार आणि त्यानंतर तो पुढच्या चोवीसीतला पहिला तीर्थंकर होणार.

शेवटही सांगायला हवा. मुलानं, कुणिकानं, श्रेणिकाला कैदेत टाकलं. राज्य गेलं, खजिना गेला. तेव्हा चेलनेनंच मुलाला सांगितलं, तू लहान असताना तुझं बोट पिकलं होतं, तुझ्या बापानं ते तोंडात धरून तुला निजवलं. कुणिक पश्चात्तापानं बापाला सोडवायला धावला. पण तो मारायलाच येतोय असं समजून श्रेणिकानं प्राण सोडला. मग चेलनेनं दीक्षा घेतली. ज्या वैभवात तिचं मन कधी रमलं नव्हतं, ते गेल्यावरही नवऱ्याची बाजू मांडायला तीच उरली होती.

या गोष्टीत आपण चेलनेचं कौतुक करतो, ते बरोबरच आहे. पण श्रेणिकाचाही एक गुण मला मोठा वाटतो. एवढा राजा, अर्ध्या रात्री, बायकोनं खोटं ठरवलं असताना अंथरुणातून उठला आणि तिच्याबरोबर गेला. ‘उद्या बघू’ म्हणाला असता, तर गोष्ट तिथेच संपली असती.

म्हणून आमच्या मुलीला मी एवढंच सांगितलं. कारखाना किती मोठा ते बाबा बघतील. तू एवढंच बघ, तुला एखादी गोष्ट पटली नाही आणि तू ‘चला, बघून येऊ’ म्हणालीस, तर हा उठतो का. आणि तो तसं म्हणाला, तर तूही ऊठ. नेम तुझे तू सांभाळ, त्याच्यावर लादू नकोस. चेलनेनं राजाला उपदेश केला नव्हता, फक्त बरोबर नेलं होतं.

जय जिनेंद्र.