पुराची रेघ

चिपळूणच्या बाजारपेठेत माझ्या थोरल्या बहिणीचे घर आहे. त्या घराच्या माजघरात भिंतीवर एक तपकिरी रेघ आहे. 22 जुलै 2021 रोजी पाणी तिथवर चढले होते. भिंतीला नंतर रंग दिला गेला; पण तेवढी वीतभर जागा भावोजींनी मुद्दाम तशीच राखली आहे. त्या रेघेच्या बरीच खाली माझ्या वडिलांची लाकडी पेटी होती. वडील शाळेत संस्कृत शिकवीत. मम्मटाच्या ‘काव्यप्रकाशा’वर त्यांनी आयुष्यभर केलेल्या टिपणांच्या तीन वह्या त्या पेटीत होत्या. पाणी ओसरल्यावर त्यांतील दोन वह्यांचा चिखलाचा गोळा झालेला होता.

त्या वर्षीच्या दिवाळीत आम्ही त्याच माजघरात बसून पुराच्या कारणांवर वाद घालीत होतो. भावोजींच्या मते कारण अगदी उघड होते. वाशिष्ठीचे पात्र गाळाने भरले आहे, डोंगर उघडे पडले आहेत, वरच्या धरणातले पाणी आणि समुद्राची भरती यांची एकच वेळ साधली. अभियांत्रिकी शिकणाऱ्या भाच्याला हे सारे वरवरचे वाटत होते. “मामा, औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्ष भागांत 280 होतं. आता ते 410 च्या पुढे गेलंय. हवा एक अंशाने तापली, की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरते. मग ती एकदाच रिती होते.” त्याच दिवसांत महाबळेश्वरला चोवीस तासांत सुमारे 600 मिलिमीटर पाऊस झाला होता, याचीही त्याने आठवण दिली.

मी जाणकाराचा आव आणून सूर्याच्या चक्रांचा मुद्दा काढला. त्यानेच मला गप्प केले. तापवणारा सूर्य असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचा थंडावतो आहे. शिवाय हवेत वाढलेला कार्बन कोळसा व खनिज तेल यांतून आला आहे, हे त्याच्या समस्थानिकांवरून ओळखता येते. एखाद्या हस्तलिखिताचा लेखक हस्ताक्षरावरून ओळखावा, तसेच हे. त्या हस्ताक्षराविषयी आता गंभीर मतभेद उरलेला नाही.

यावर भावोजी जे बोलले, ते मी विसरू शकलेलो नाही. “तुझं खरं असेल रे. पण उद्या साहेब लोक हेच म्हणतील. हवामान बदललं, आम्ही काय करणार? सगळा दोष आभाळावर ढकलला, की गाळ काढायला नको.”

मला वडिलांच्या वह्या आठवल्या. काव्य कशातून निर्माण होते, हे सांगताना मम्मट तीन गोष्टी मानतो : कवीची शक्ती, त्याची निपुणता आणि त्याचा अभ्यास. मात्र ‘हेतू’ हा शब्द तो एकवचनी योजतो. तीन हेतू नाहीत. तिन्ही मिळून हेतू एकच. वडील या एकवचनावर तासभर बोलत. पुराचेही असेच नाही का? समुद्रावरून आलेली बाष्पाने जड झालेली हवा, बोडका डोंगर आणि भरलेले पात्र; यांतील एकाकडे बोट दाखवून दुसऱ्याला निर्दोष ठरवता येत नाही.

अर्थात हे साम्य फार ताणता येणार नाही. काव्याला अपराधी नसतो. पुराला असतो, आणि अपराधाचे वाटे समान नसतात. भाताच्या खाचरातून निघणारा वायू आणि चैनीच्या मोटारीतून निघणारा वायू एकाच तागडीत घालता येत नाहीत, असे अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी 1991 मध्येच बजावले होते. ते मला पूर्ण मान्य आहे. पण मान्य करताना मी, नियमित पगार घेणारा आणि मोटारीतून चिपळूणला येणारा प्राध्यापक, स्वतःला कोणत्या पारड्यात बसवतो?

या प्रश्नापाशी माझी कबुली द्यायला हवी. त्या घरात पाणी शिरण्याची ती पहिली वेळ नव्हती. 26 जुलै 2005 च्या पुरातही पेटीचा तळ भिजला होता. क्योटो करार अमलात आला, तेही तेच वर्ष. तेव्हा मी ताईला म्हटले होते, “पुढच्या सुट्टीत पेटी घेऊन जातो.” सोळा वर्षांत बत्तीस सुट्ट्या आल्या. धोका ठाऊक होता, उपायही ठाऊक होता आणि तो माझ्याच हातात होता. मग दिवाळीतल्या त्या वादात इतक्या हिरिरीने कारणे शोधण्याची मला एवढी गरज का वाटत होती, हे मला हळूहळू उमगत गेले. कारणांची चर्चा चालू असते, तोवर स्वतःच्या दिरंगाईचा विषय निघत नाही.

भावोजी त्या डिसेंबरात गाळ काढण्याच्या मागणीसाठी साखळी उपोषणाला बसले. पुढे गाळ उपसलाही गेला. दुकानातल्या फळ्या त्यांनी रेघेच्या वर चढवल्या आहेत. “कोळसा जळायचा थांबला नाही, तर फळ्या अजून वर न्याव्या लागतील,” असे भाचा म्हणतो, आणि आता भावोजी त्याला अडवीत नाहीत.

वाचलेली तिसरी वही मी या खेपेला घरी आणली. तिच्या कडा तपकिरी झाल्या आहेत. पण अक्षर लागते.