मेलेल्यांची शिकवणी

२ डिसेंबर
शफाअतीवर, म्हणजे अल्लाहपुढच्या रदबदलीवर, वाचताना पहिला अडसर कुराणच घालतं. त्यातल्या आयतुल कुर्सी या आयतीत रोखठोक सवाल आहे: त्याच्या परवानगीवाचून त्याच्यापुढे रदबदली करणार कोण? वशिल्याचा कारभार तिथेच आटोपला. पण ‘सहीह मुस्लिम’ या संग्रहातल्या हदीसेत देवदूत, पैगंबर, श्रद्धावंत सगळे रदबदली करतात, आणि शेवटी अल्लाह स्वतः मूठ भरून अशी माणसं आगीतून काढतो, ज्यांनी कधी काडीचंही भलं केलेलं नाही. आता तो कुणाकडे शब्द टाकतोय? सूफी विचारवंत इब्न अरबीचं उत्तर: त्याचंच दयाळू नाव त्याच्याच शिक्षा करणाऱ्या नावाकडे. वकीलही तोच, न्यायाधीशही तोच.

४ डिसेंबर
माणूस मेला की त्याची कर्मं थांबतात. अपवाद तीन: चालू राहणारं दान, उपयोगी पडणारं ज्ञान आणि दुआ करणारं अपत्य. हे सगळेच मानतात. इब्न अरबी पुढे जातो. ईश्वराचं प्रकटणं थांबत नाही, तर जाणणं तरी का थांबावं? ‘तजल्लियात’ या आपल्या ग्रंथात तो जुनैद, शिबली, हल्लाज या जुन्या सूफींना गाठतो. त्याचा जन्म ११६५चा. हे त्याआधी दोनेक शतकं मातीत गेलेले. जुन्नून मिसरी तर तीन शतकं. मनात येईल त्याहून ईश्वर निराळाच, ही जुन्नूनची शिकवण. इब्न अरबी त्याला टोकतो: त्या कल्पनेतूनही त्याला पुरता हद्दपार करू नकोस. आणि गुरू मान्य करतो, हे आपल्याकडून निसटलं होतं.

केवढा हा आगाऊपणा! ‘फुसूस’ या दुसऱ्या ग्रंथात तो हीच गोष्ट पुन्हा सांगतो, जराशा ऐटीतच. पण मला आवडला तो यासाठीच. वलीनं, म्हणजे संतानं, जिवंतांसाठी शब्द टाकावा, एवढंच आपण ऐकत आलो. इथे जिवंत माणूस वलींची शिकवणी घेतो.

८ डिसेंबर
इब्न अरबी १२४० मध्ये दमास्कसला वारला. त्याच शहरात १३२८ मध्ये धर्मपंडित इब्न तैमिया कैदेत वारला. कबरींच्या यात्रांविरुद्धचा फतवा त्याला भोवला होता. दफन मात्र सूफींच्या कब्रस्तानात! मेलेल्यासाठी केलेली दुआ पोचते, हे त्यालाही मान्य होतं. मेलेल्याकडे मागणं मागू नये, एवढाच त्याचा हट्ट.

९ डिसेंबर
खुलदाबाद. औरंगजेबाची साधी कबर इथे जैनुद्दीन शिराजी या वलींच्या दर्ग्याच्या आवारात आहे. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारलेल्या बादशहाला मुद्दाम इथे आणलं. वलीच्या शेजाराचा मोह त्यालाही होता. दर्ग्यात लोक आधी जैनुद्दीनबाबांच्या नावानं फातिहा पढतात, म्हणजे पुण्य त्यांना पोचवतात. आणि लगेच त्यांच्याकडेच मुलाची नोकरी मागतात. यात कुणालाच विसंगती दिसत नाही. इब्न अरबीलाही दिसली नसती.