सुटीपुरते घर

कोकणातले वडिलोपार्जित घर हल्ली वाढते ते सुटीला येणाऱ्या माणसांच्या मापाने. तिथे बारा महिने राहणारी माणसे कमी होत चालली आहेत. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 16,96,777 होती, ती 2011 मध्ये 16,15,069 झाली. त्याच दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8,68,825 वरून 8,49,651 वर आली. महाराष्ट्रात त्या दशकात अशी घट यांखेरीज फक्त मुंबई शहर जिल्ह्यात झाली. गावे रिकामी होत असताना घरांना मात्र नव्या खोल्या, नवे मजले आणि नव्या मोऱ्या लागत गेल्या. ज्या कुटुंबाचा संसार डोंबिवली, विरार किंवा पुण्यात वाढतो, त्याचे मूळ घर वर्षातून दोन-तीनदा अचानक भरते आणि एरवी कुलपात असते. या घराची डागडुजी हा म्हणूनच एकाच वेळी बांधकामाचा आणि नातेसंबंधांचा विषय आहे.

शहरात नोकरी करणाऱ्या चाकरमान्याच्या सुट्या तीन: शिमगा, मे महिना आणि गणपती. मुंबईच्या कापड गिरण्यांच्या काळात पुरुष माणूस सणापुरता येई. बायको-मुले शहरात असली तर शाळेला सुटी लागताच गावी धाडली जात आणि मृग लागेपर्यंत तिथेच राहत. आधी मुंबईहून बोटीने, मग एसटीने आणि 1998 पासून कोकण रेल्वेने हा प्रवास सोपा होत गेला. रात्री गाडीत बसलेले कुटुंब सकाळी कणकवलीला उतरू लागले. पण प्रवास आखूड झाला तसा मुक्कामही आखूड झाला. दीड महिन्याची सुटी आठवड्यावर आली. दीड महिना राहणारा माणूस घराच्या सवयी अंगी लावून घेतो, विहिरीचे पाणी शेंदतो, रात्री कंदील घेऊन परसाकडे जातो. आठवड्यापुरता आलेला माणूस शहरातल्या सवयी सोबत आणतो आणि घराने त्या सांभाळाव्यात अशी अपेक्षा ठेवतो. मुक्काम जितका लहान, तितकी सोयींची यादी लांब, हे सुटीच्या घराचे पहिले सूत्र आहे.

जुने कोकणी घर हवामानाच्या अभ्यासातून घडलेले आहे. किनारपट्टीवर वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उरलेल्या काळात ऊन आणि दमट हवा. या दोहोंना उत्तर म्हणून उतरते छप्पर, भिंतीच्या बरेच बाहेर आलेले पागोळ्यांचे टोक आणि घराभोवती पडवी अशी रचना झाली. पुढे खळे, मग पडवी, ओटी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर आणि मागीलदार असा क्रम. पडवीमुळे ऊन आणि पावसाची झड मुख्य भिंतीपर्यंत पोचत नाही, त्यामुळे माजघर मे महिन्यातही गार राहते. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची. जांभा खाणीतून निघतो तेव्हा हत्याराने तासता येण्याइतका मऊ असतो आणि उघड्यावर हवा लागली की कठीण होतो. या दगडाचे शास्त्रीय वर्णन फ्रान्सिस बुकॅनन या ब्रिटिश अधिकाऱ्याने केरळमधल्या अंगाडिपुरम येथील निरीक्षणावरून 1807 मध्ये प्रसिद्ध केले. कोकणातल्या गवंड्यांना मात्र त्याचा स्वभाव पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होता.

छपरावर आधी गवत किंवा कुंभाराचे नळे असत. मंगळुरात बासेल मिशनने 1865 मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि एकात एक अडकणारी चपटी कौले पश्चिम किनाऱ्यावर पसरली. आज ज्याला पारंपरिक कोकणी छप्पर म्हणतात, ते लाल मंगलोरी कौलांचे छप्पर म्हणजे एकेकाळचे नूतनीकरणच होय. नवे साहित्य आले की घराने ते घ्यायचे, ही कोकणाची जुनी रीत आहे. त्यामुळे जुने तेवढे चांगले आणि नवे तेवढे वाईट असा सरळ निवाडा इथे करता येत नाही.

या घराची एक मोठी अट होती. त्याला दरवर्षी माणसांचे हात लागत. पावसाआधी छपराची शाकारणी करायची, फुटकी कौले बदलायची, वासे आणि रिपा तपासायच्या, वाळवीची वारुळे मोडायची. जमीन शेणाने सारवायची. दिवाळीच्या सुमारास खळे चोपून त्यावर झापांचा मांडव घालायचा आणि पाऊस तोंडावर आला की उतरवायचा. लाकडे, गोवऱ्या, सुकी मासळी, आमसुले भरून ठेवायची. आगोटीच्या या कामांत मे महिन्याला आलेली मुंबईची माणसे आपोआप ओढली जात. एक काका छपरावर, दुसरे खालून कौले देणार, पोरे फुटके तुकडे वेचणार आणि आत्या फणसपोळ्या उन्हात घालणार, अशी विभागणी कोणी सांगून होत नसे. सुटी आणि दुरुस्ती या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. घराला गळती लागू नये म्हणून कुटुंब एकत्र येई आणि एकत्र आल्यामुळे कुटुंबालाही गळती लागत नसे.

पुढच्या पिढीत हे गणित बदलते. चार भावांची लग्ने होतात, त्यांना मुले होतात, त्या मुलांचीही लग्ने होतात. गणपतीला एका छपराखाली पंचवीस-तीस माणसे जमतात. माजघरात एका रांगेत अंथरुणे घालणे नव्या सुनांना आणि वयात आलेल्या मुलींना अवघड वाटते, ते रास्तही आहे. म्हाताऱ्यांना रात्री अंगण ओलांडून जाणे झेपत नाही. घर वाढवण्याची पहिली निकड म्हणून दिवाणखान्याची कधीच नसते, ती आतल्या शौचालयाची आणि न्हाणीची असते. या एका सुधारणेने घरातल्या बायकांचे जिणे जितके सुसह्य झाले, तितके दुसऱ्या कुठल्याही बांधकामाने झाले नाही.

बांधकामाला कोकण मोजकाच अवधी देते. दिवाळीनंतर जमीन सुकते, चिरेखाणी सुरू होतात आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दार ठोठावतो. कुटुंबातले निर्णय घेणारे लोक मात्र मे महिन्यातच गावात असतात. त्यामुळे चर्चा एका मेमध्ये, काम फोनवरून आणि पाहणी पुढच्या मेमध्ये, असा प्रकार होतो. गवंडी, सुतार, वायरमन यांना याच महिन्यांत सगळ्या गावाची कामे असतात, शिवाय त्यांच्या घरची लग्नेही याच दिवसांत. सुटीला आलेले पाहुणे आणि अर्धवट पाडलेली भिंत अशी दोन्ही एकाच घरात नांदण्याचा प्रसंग म्हणूनच जवळपास प्रत्येक कुटुंबावर येतो.

छपराच्या जागी स्लॅब टाकणे हा सर्वांत मोठा बदल. त्यामागची कारणे खरी आहेत. वानर-माकडांच्या टोळ्या कौले उधळतात, सागवान महाग झाले, शाकारणी करणारे हात उरले नाहीत. स्लॅब टाकली की दरवर्षीची कटकट संपली, असा हिशेब असतो. प्रत्यक्षात काँक्रीट दिवसभर ऊन शोषते आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडते. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते, तशी वाट स्लॅबला नाही. मे महिन्यात नव्या खोलीत पंखा लावूनही झोप येत नाही आणि मंडळी जुन्या पडवीत येऊन आडवी होतात. काही पावसाळ्यांनंतर सपाट स्लॅब पाझरू लागते, तेव्हा तिच्यावर लोखंडी पाइप उभारून पत्र्याची शेड केली जाते. म्हणजे उतरते छप्पर काढून टाकलेल्या घरावर उतरते छप्पर परत येते, फक्त दुप्पट खर्चाने.

समुद्राजवळच्या गावांत आणखी एक शत्रू आहे. खाऱ्या हवेतले आणि खाडीच्या न धुतलेल्या वाळूतले क्षार काँक्रीटमध्ये शिरतात आणि सळ्यांवरचे संरक्षक कवच मोडतात. गंजलेली सळी फुगते, काँक्रीटला तडा देते आणि छताचे ढलपे पडू लागतात. भारतीय मानक संस्थेच्या आयएस 456 या संहितेत किनारी वातावरणासाठी किमान एम-30 प्रतीचे काँक्रीट आणि सळीवर 45 मिलिमीटरचे आच्छादन सांगितले आहे. अंदाजाने घमेली मोजून टाकलेली स्लॅब या कसोटीला क्वचितच उतरते. बंद घरात तर हा गंज कोणाच्या नजरेसही पडत नाही. कौल फुटले की त्याच पावसात थेंब पडतो आणि घर ओरडून सांगते. स्लॅब बरीच वर्षे गप्प राहते आणि बोलते तेव्हा दुरुस्ती हाताबाहेर गेलेली असते.

भिंतींची गोष्ट साधारण तशीच. जांभा सच्छिद्र आहे. तो ओल घेतो आणि कोरड्या दिवसांत ती सोडतो. चुन्याच्या गिलाव्यातून ही ये-जा चालू राहते. त्यावर सिमेंटचा जाड गिलावा आणि वर प्लास्टिक रंग चढवला की ओल आत कोंडते, रंगाला फोड येतात आणि भिंतीला लोणा लागतो. चिरा उघडा ठेवून सांधे भरणे किंवा चुन्याकडे परतणे हा मार्ग स्वस्त नसला तरी टिकाऊ आहे. चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधणे हीच त्यातली खरी मेहनत.

पाण्याचा पेच वेगळाच आहे. एवढा पाऊस पडूनही जांभ्याचा सडा पाणी धरून ठेवत नाही. वैशाखात विहीर तळाला जाते आणि नेमके तेव्हाच घर माणसांनी भरलेले असते. दोन माणसांसाठी पुरणारी विहीर पंचवीस जणांच्या अंघोळींना आणि नव्या फ्लशच्या टाक्यांना पुरी पडत नाही. शिवाय ज्या सच्छिद्र जमिनीतून पाणी झरझर वाहून जाते, तिच्यातून मैलाखड्ड्याचे पाणीही वाहते. शोषखड्डा विहिरीपासून शक्य तितका दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला घेणे ही घराच्या आराखड्यातली पहिली रेघ असायला हवी. अनेक घरांत ती शेवटी, उरलेल्या जागेत ओढली जाते.

सगळ्यांत अवघड बांधकाम कागदावर असते. सातबाऱ्यावर आजोबांचे, क्वचित पणजोबांचे नाव, घरपट्टी एका भावाच्या नावावर आणि हिस्सेदार वीस-पंचवीस. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांप्रमाणे जन्मसिद्ध हक्क दिला. त्यामुळे माहेरवाशीण ही आता पाहुणी राहिलेली नाही, तिची संमतीही लागते. ज्याच्याकडे पैसा आहे तो खोली बांधतो, ज्याच्याकडे नाही तो गप्प बसतो आणि पुढच्या गणपतीला आरती एक, चुली मात्र दोन होतात. भावकीतले अनेक दावे बांधापेक्षा अशा वाढीव खोलीवरून सुरू झालेले असतात.

घराला धोका कुटुंबाबाहेरूनही येतो. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन, मुरुड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात कौले उडाली, पत्रे तर कित्येक फूट लांब जाऊन पडले, माडपोफळी घरांवर कोसळल्या. टाळेबंदीमुळे अनेक घरांचे मालक शहरांत अडकलेले होते. पाऊस तोंडावर, कौले मिळत नाहीत, माणूस मिळत नाही, अशा स्थितीत ताडपत्री आणि मिळेल तो पत्रा हाच आधार ठरला. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्यालगतून गेले. या दोन वर्षांनी एक गोष्ट स्पष्ट केली. छप्पर कशाचे आहे हे महत्त्वाचे आहेच, पण ते उडाल्यावर संध्याकाळपर्यंत तिथे कोण पोचू शकते, हे त्याहून महत्त्वाचे आहे.

काही कुटुंबांनी बंद राहणाऱ्या घरावर पर्यटनाचा उपाय काढला. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला आणि पर्यटन विकास महामंडळाच्या निवास-न्याहारी योजनेमुळे घरातल्या दोन-तीन खोल्या पाहुण्यांना देण्याची सोय झाली. घर वापरात राहते, दारे-खिडक्या उघडतात, वाळवी वेळेत दिसते, गावातल्या एखाद्या बाईला रोजगार मिळतो. किंमत अशी की मे महिन्यात, जेव्हा घरच्यांना यायचे असते, तेव्हाच गिऱ्हाईकही येते. आपल्याच घरात तारीख राखून ठेवावी लागणे जुन्या पिढीला पचत नाही. तरीही कुलपापेक्षा वर्दळ घराला मानवते, यात शंका नाही.

या सगळ्याचा निष्कर्ष साधा आहे. कोकणातले घर टिकते ते साहित्याच्या जोरावर कमी आणि वार्षिक देखभालीच्या जोरावर अधिक. ज्या सुधारणेने राहणे सुसह्य होते, ती अवश्य करावी: आतले शौचालय, पाण्याची साठवण, सुरक्षित वायरिंग, वाळवीपासून राखलेले लाकूड. ज्या सुधारणेचा एकमेव गुण ‘नंतर बघायला नको’ हा आहे, तिच्याकडे संशयाने पाहावे, कारण बघायला नको असलेले घर हळूहळू यायलाही नको असे होते. म्हणून गवंड्याला बोलावण्यापूर्वी हिस्सेदारांनी एकत्र बसून तीन गोष्टी लिहून काढाव्यात: दरवर्षी दुरुस्तीसाठी प्रत्येकाने किती पैसे घालायचे, पावसाआधी घर उघडून तपासण्याची पाळी कोणाची आणि गावात किल्ली कोणाकडे राहणार. खोल्या किती काढायच्या, हे त्यानंतर ठरवावे.